सुलह आणि मांडवली

मुंबईच्या बोलीत ‘मांडवली’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. खोलीचा ताबा असो, अडकलेले देणे असो, दोन गल्ल्यांतील मुलांची मारामारी असो. पोलीस ठाण्याची पायरी न चढता आणि कोर्टाची तारीख न घेता ‘भाई’समोर बसून प्रकरण मिटवणे म्हणजे मांडवली. आपल्या दीनच्या परिभाषेत भांडण मिटवण्याला ‘सुलह’ म्हणतात. वरवर पाहता दोन्ही शब्दांचा अर्थ एकच वाटतो. दोन्हींत भांडणारे एकत्र बसतात, कोणीतरी मध्यस्थ असतो आणि शेवटी हात मिळवले जातात. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या हाताची दहशत आहे, त्याच हाताने दिलेली शांतता आपण सुलह म्हणून स्वीकारावी काय? आणि स्वीकारली, तर अल्लाहसमोर तिचा हिशेब काय द्यावा?

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. जोगेश्वरी, अंधेरी, घाटकोपर, कुर्ला, मुलुंड या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांच्या दाराशी तो अनेकदा येऊन उभा राहिला आहे. म्हणून त्याचा विचार भावनेच्या भरात न करता कुरआन व सुन्नतच्या प्रकाशात, आणि आपल्याच शहराचा इतिहास समोर ठेवून करणे आवश्यक आहे.

सुलहचे स्थान

इस्लाममध्ये लोकांत समेट घडवण्याला फार मोठे स्थान आहे. सूरह निसाच्या ११४ व्या आयतीत सांगितले आहे की, लोकांच्या बहुतेक गुप्त मसलतींत काही भले नसते. अपवाद दानधर्माचा, सत्कर्माचा किंवा लोकांत समेट घडवण्याचा आदेश देणाऱ्यांचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपसातील संबंध सुधारण्याचे कार्य नफिल रोजे, नमाज आणि सदका यांच्याहूनही श्रेष्ठ ठरवले, असे अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या संग्रहांत नोंदलेले आहे. परंतु याच तिर्मिझीत सुलहची सीमाही आखून दिली आहे. मुस्लिमांत सुलह वैध आहे. मात्र जी सुलह हराम गोष्टीला हलाल किंवा हलालला हराम ठरवते, ती वैध नाही. म्हणजे भांडण थांबले एवढ्याने सुलह झाली असे होत नाही. ती कशाच्या बदल्यात झाली, हेही पाहावे लागते.

सूरह हुजुरातची नववी आयत याहून एक पाऊल पुढे जाते. ईमानवाल्यांचे दोन गट लढले तर त्यांच्यात समेट करा, एकाने अतिरेक केला तर तो अल्लाहच्या आज्ञेकडे परत येईपर्यंत त्याला रोखा, आणि तो परतला की दोघांत न्यायाने समेट करा, असा तिचा आशय आहे. येथे समेटाची आज्ञा दोनदा आली आहे आणि दुसऱ्या वेळी तिच्यासोबत न्यायाची अट जोडली आहे. न्यायाविना केवळ भांडण दाबून टाकणे, ही कुरआनला अभिप्रेत असलेली शांतता नव्हे.

आता सूरह बकरहच्या ११ व १२ व्या आयतींकडे वळू या. जमिनीवर फसाद माजवू नका असे ज्यांना सांगितले जाते, ते उत्तर देतात की आम्ही तर सुधारणा व समेट करणारेच आहोत. अल्लाह स्पष्ट करतो की फसादी तेच आहेत, पण त्यांना त्याची जाणीव नाही. फसाद करणारा स्वतःला ‘मुस्लिह’ म्हणजे समेट घडवणारा म्हणवून घेतो, हे माणसाच्या स्वभावाचे वर्णन चौदा शतकांपूर्वी करून ठेवलेले आहे. मुंबईच्या इतिहासात ते पदोपदी आढळते.

दरबार कसा उभा राहिला

गेल्या शतकाच्या साठ आणि सत्तरच्या दशकांत या शहरात तस्करी, दारू आणि जुगार यांवर मोठ्या झालेल्या टोळ्यांच्या म्होरक्यांनी लोकांचे तंटे सोडवण्यास सुरुवात केली. करीम लाला याचा दरबार भरत असे आणि तेथे गरीब माणसे तक्रारी घेऊन जात. वरदराजन मुदलियार याच्याकडे माटुंगा-धारावीची माणसे जात. तस्करीसाठी आणीबाणीच्या काळात तुरुंगात गेलेल्या हाजी मस्तानने पुढे दलित-मुस्लिमांच्या संरक्षणाच्या नावाने राजकीय पक्ष काढला. दगडी चाळीच्या अरुण गवळीने स्वतःची सेना स्थापली आणि २००४ मध्ये तो विधानसभेत निवडून गेला. धर्म, भाषा, प्रांत भिन्न. पण वाट एकच. आधी भय निर्माण करायचे, मग त्या भयापासून वाचवणारा म्हणून मान मिळवायचा, आणि शेवटी त्या मानाचे सत्तेत रूपांतर करायचे.

लोक तेथे का गेले, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागेल. दिवाणी खटला पंचवीस वर्षे चालतो. गरिबाची फिर्याद लिहून घेतली जात नाही. वकिलाची फी परवडत नाही. न्यायाचे दार बंद दिसले की माणूस खिडकी शोधतो. म्हणून दरबारात गेलेल्या प्रत्येक विधवेला किंवा भाडेकरूला दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष त्या दाराचाही आहे आणि खिडकीपाशी बसून मोबदला घेणाऱ्याचाही. मोबदला नेहमी पैशातच घेतला जातो असे नाही. ज्याचे काम झाले त्याने पुढे गप्प राहावे, साक्ष देऊ नये, मुलाला एखादी ‘वस्तू’ पोहोचवायला पाठवावे, हेही मोबदलेच आहेत. मांडवलीची पावती मिळत नाही, आणि तिचे कर्ज कधी फिटतही नाही.

१९९२-९३ चा धडा

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल उसळली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती शमली होती. शहर सावरू लागले होते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी १९९३ च्या पहिल्या आठवड्यात झालेले सुराहल्ले सराईत गुन्हेगारांचे काम होते आणि दोन्ही समाजांत तेढ भडकावणे हा त्यांचा हेतू दिसतो, असा निष्कर्ष त्यात नोंदलेला आहे. ७ जानेवारीच्या रात्री जोगेश्वरी पूर्वेला राधाबाई चाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत बंद खोलीतील हिंदू कुटुंबीयांना जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते शिवसेनेच्या नेत्यांनी संघटितपणे चालवले आणि पोलिसांच्या वर्तनात मुस्लिमांविषयी पूर्वग्रह होता, हेही याच आयोगाने लिहून ठेवले. दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० माणसे मरण पावली; त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते.

डिसेंबरनंतर जी शांतता रुजू पाहत होती, ती मोडायला हजारो माणसे लागली नाहीत. मूठभर सुरे पुरले. वस्तीतील शहाणी माणसे हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना एकत्र बसवत होती, तेव्हा त्या बैठकीत कधीच न बसलेल्या लोकांनी बैठकीचा निकाल लावून टाकला. ज्यांचा धंदाच भयावर चालतो, त्यांना शेजाऱ्यांचा आपसातील विश्वास परवडत नाही.

१२ मार्च १९९३ रोजी या कथेचा पुढचा अध्याय लिहिला गेला. शेअर बाजारापासून जुहूच्या सेंटॉर हॉटेलपर्यंत स्फोट झाले. २५७ माणसे मरण पावली आणि ७१३ जखमी झाली. खटल्यात सिद्ध झाले की स्फोटके आणि शस्त्रे रायगडच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे उतरवली गेली. सोने-चांदी ज्या वाटेने येत असे, तीच ही वाट होती. लाच घेऊन डोळे मिटणारे कस्टम अधिकारी आणि पोलीसही त्याच वाटेवर उभे होते, आणि त्यांच्यापैकी काहींना न्यायालयाने शिक्षा दिली. मुख्य खटल्यात १०० आरोपी दोषी ठरले. टायगर मेमन आणि दाऊद इब्राहिम हे मुख्य आरोपी मात्र फरार राहिले. ज्यांनी ‘कौमचा बदला’ घेतल्याचे सांगितले गेले, ते समुद्रापार निघून गेले आणि मागे राहिलेल्या निरपराध कुटुंबांना वर्षानुवर्षे संशयाच्या नजरा झेलाव्या लागल्या. काठा बाजारात किंवा प्लाझा चित्रपटगृहाजवळ स्फोटाने माणसांचा धर्म विचारला नव्हता. दंगलग्रस्तांचा न्यायाचा दावा उघड आणि भक्कम होता. बदल्याच्या या कृत्याने त्याच्यावर धुळीचा थर बसवला.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे अनेक वाचकांच्या मनात एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ‘जानेवारीच्या त्या रात्री पोलीस आले नाहीत. सरकार आले नाही. गल्लीच्या तोंडाशी जो उभा राहिला, तो दादा होता. त्याच्यामुळे आमच्या आया-बहिणी वाचल्या. त्याला आम्ही काय तोंडाने नाकारायचे? शिवाय स्फोटांच्या खटल्यात शिक्षा झाल्या, दंगलीच्या खटल्यांत किती झाल्या?’

या आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे. दंगलीतील बळींना मिळालेला न्याय अपुरा आहे आणि ते सांगत राहणे आपले कर्तव्य आहे. परंतु कोणत्याही लोकांचे वैर तुम्हाला अन्यायाकडे ढकलू देऊ नका, न्यायच करा, तोच तक्वाच्या अधिक जवळ आहे, अशी आज्ञा सूरह माइदाच्या आठव्या आयतीत आहे. ही आज्ञा सुखाच्या दिवसांसाठी दिलेली नाही. जेव्हा वैराला खरे कारण असते, तेव्हाच तिची कसोटी लागते.

पहिल्या भागाचे उत्तर अधिक काळजीपूर्वक द्यावे लागेल. जीव वाचवण्यासाठी समोर आलेला हात धरणे ही ‘जरूरत’ आहे. फिकहचा नियम असा की, जरूरत निषिद्ध गोष्टीला मुभा देते, पण ती मुभा जरुरीपुरतीच असते. बुडणारा माणूस हात कोणाचा आहे हे विचारत नाही, आणि त्याने विचारू नये. पण किनाऱ्यावर आल्यावर त्याने आपले घर, आपली मुले आणि आपले मत त्या हाताच्या स्वाधीन करावे असा अर्थ त्यातून निघत नाही. त्या रात्रीचे उपकार मान्य करावेत. परंतु सकाळ झाल्यावर त्याला मोहल्ल्याचा वली नेमू नये. जालिमांकडे झुकू नका, नाहीतर आग तुम्हाला स्पर्श करील, अशी ताकीद सूरह हूदच्या ११३ व्या आयतीत आहे. झुकणे नेहमी एका रात्रीत होत नाही. कृतज्ञतेतून सलाम, सलामातून मौन आणि मौनातून साथ, अशा पायऱ्या असतात.

आणि तो ‘आपला’ आहे म्हणून? भाऊ जालिम असो वा मजलूम, त्याला मदत करा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले तेव्हा सहाबांनी (रजि.) विचारले की जालिमाला मदत कशी करावी. त्याचा हात जुलमापासून रोखणे हीच त्याची मदत, असे उत्तर मिळाले. बनू मखजूमच्या प्रतिष्ठित स्त्रीने चोरी केली आणि तिच्यासाठी हजरत उसामा (रजि.) रदबदली करू लागले, तेव्हा आप (स.) संतप्त झाले. प्रतिष्ठिताला सोडायचे आणि दुबळ्याला शिक्षा द्यायची, यामुळेच आधीच्या कौमा नष्ट झाल्या, असे त्यांनी बजावले. आपल्या माणसाचा गुन्हा झाकणे ही कौमची सेवा नव्हे.

हुदैबिया आणि हिल्फुल फुजूल

कोणी विचारील की प्रेषितांनी (स.) तर शत्रूंशीही करार केला, मग दादाशी का नाही? हिजरी ६ मध्ये, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये, हुदैबिया येथे मक्केच्या कुरैशांशी दहा वर्षांचा युद्धविराम ठरला. त्याच्या अटी कठोर होत्या. बेड्यांसह आलेल्या अबू जंदल (रजि.) यांना परत पाठवावे लागले. तरीही करार पाळला गेला. परंतु कुरैश हे उघड शत्रू होते. त्यांचा प्रतिनिधी सुहैल बिन अम्र सर्वांसमोर बसला, अटी लिहिल्या गेल्या, त्यांवर साक्षीदार झाले. पुढे कुरैशांच्या मदतीने खुजाआ टोळीवर हल्ला झाला, तेव्हा करार कोणी मोडला याबद्दल कोणालाही शंका उरली नाही. ज्याचे काही उघड म्हणणे आहे, त्याच्याशी बोलणी करता येतात, कारण त्याचे वैर संपू शकते. टोळीचे तसे नसते. तिला शांतता हवी असते ती फक्त पुढच्या हप्त्यापर्यंत.

याच्या उलट आदर्श प्रेषितांच्या (स.) तारुण्यातील आहे. येमेनमधून आलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याचा माल आस बिन वाइल या मक्केच्या बड्या माणसाने घेतला आणि किंमत नाकारली. त्या व्यापाऱ्याचे तेथे कोणी नव्हते. तेव्हा काही कुळांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली की मक्केत कोणावरही, मग तो स्थानिक असो वा परका, जुलूम झाला तर त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. हाच हिल्फुल फुजूल. अशा करारासाठी इस्लामच्या काळातही बोलावले तर मी जाईन, असे आप (स.) पुढे म्हणाले. त्यात मुस्लिम-अमुस्लिम हा प्रश्न नव्हता. मोबदला नव्हता. बलवान आपला आणि दुबळा परका होता, तरी साथ दुबळ्याला मिळाली.

जगाचा अनुभव

हे केवळ मुंबईचे दुखणे नाही. मार्च १९९३ मध्ये, म्हणजे आपल्या शहरात स्फोट झाले त्याच महिन्यात, अफगाणिस्तानच्या लढणाऱ्या गटांनी इस्लामाबादेत करार केला आणि मग मक्केला जाऊन त्यावर शिक्कामोर्तब केले. इतक्या पवित्र भूमीवर दिलेला शब्दही टिकला नाही. रस्त्यारस्त्यावर नाके उभारून प्रवाशांकडून वसुली करणाऱ्या आणि अफूच्या व्यापारावर जगणाऱ्या सशस्त्र टोळ्यांना युद्ध संपण्यात तोटा दिसत होता. कोलंबियात २०१६ मध्ये सरकार आणि फार्क या बंडखोर संघटनेत करार झाला. बंडखोर जेथून हटले, तेथील कोकेनचा धंदा ताब्यात घेण्यासाठी इतर टोळ्या धावल्या आणि शांततेसाठी झटणारे कित्येक गावपुढारी मारले गेले. करारावर सह्या करणारे एक असतात, आणि करारामुळे ज्यांचा धंदा बुडतो ते दुसरेच. दुसऱ्यांचा बंदोबस्त न करता केलेली शांतता कागदावर राहते.

आपल्या अंगणातील उदाहरण

आशेची बाजूही आपल्या जवळच आहे. १९७० आणि १९८४ मध्ये भिवंडी दंगलीत होरपळली होती. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुस्लिम दोघांतील सामान्य माणसे आणि त्या भागातील पोलीस शिपाई नियमित एकत्र बसत आणि भाडणाची ठिणगी लहान असतानाच विझवत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही जूलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या प्रयत्नाने मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. पोलीस आणि वस्तीतील मुले एकत्र क्रिकेट खेळू लागली. २००२ च्या डिसेंबरात घाटकोपरला बसमध्ये आणि २००३ च्या मार्चमध्ये मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाले, २००६ मध्ये बोरिवली-जोगेश्वरीसह पश्चिम रेल्वेच्या गाड्या उद्ध्वस्त झाल्या. तरी १९९३ सारखी दंगल शहरात पुन्हा झाली नाही. याचे श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही. पण शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक असेल तर अफवेचे पाय लुळे पडतात, हे नाकारता येणार नाही.

नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा देण्यास मुंबईच्या मुस्लिमांनी नकार दिला. ‘आपला’ म्हणून कोणाला मानायचे आणि कोणाला नाही, याचा निर्णय कौमने त्या वेळी स्वतः घेतला. गल्लीतील दादाबद्दलही असा निर्णय घेणे अधिक कठीण आहे, कारण तो जिवंत आहे आणि आपल्याच जिन्यावरून चढतो.

आज काय करावे

आज उपनगरांत मांडवलीचे रूप बदलले आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत रहिवाशांची संमती लागते. ती संमती मनाने दिली गेली की दारात उभ्या राहिलेल्या चार तरुणांना पाहून, हे बाहेरच्याला कळत नाही. सोसायटीतील भांडण, भावाभावांतील घराची वाटणी, अडकलेली उधारी, यांतही ‘एक फोन करतो’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. अशा वेळी काही कसोट्या मनाशी ठेवाव्यात. समेट उघडपणे होत आहे काय? ज्याचे नुकसान झाले, त्याला निर्भयपणे बोलता येते काय? गेलेला हक्क परत मिळतो आहे, की केवळ तोंड बंद केले जात आहे? मध्यस्थ काही मागतो काय? आणि हाच निर्णय कोर्टासमोर किंवा मशिदीच्या सहनमध्ये सर्वांदेखत सांगता येईल काय? यांतील एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर ती मांडवली आहे. तिला सुलह म्हणू नये.

ज्यांनी गुन्हेगारीची वाट धरली, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. सूरह माइदाने फसाद माजवणाऱ्यांची कठोर शिक्षा सांगितली आणि लगेच पुढच्या आयतीत, पकडले जाण्यापूर्वी जे तौबा करतात त्यांना वगळले. मात्र तौबा म्हणजे हाजी होऊन परतणे किंवा मशिदीला पंखे देणे नव्हे. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, माणसांना परत करावे लागतात. मशीद आणि मदरशांच्या विश्वस्तांनीही अशा पैशाला विनम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. तो पैसा भिंत बांधतो आणि मिंबरचा आवाज बंद करतो.

शेवटी, दादाची गरज तेथेच भासते जेथे भली माणसे घरात बसून राहतात. प्रत्येक मोहल्ल्यात चार विश्वासू माणसे, एखादा वकील, एखादी शिक्षिका आणि शेजारच्या हिंदू वस्तीतील दोन वडीलधारी मंडळी महिन्यातून एकदा बसली, गरिबाच्या फिर्यादीसोबत पोलीस ठाण्यापर्यंत चालत गेली, मोफत कायदेशीर मदतीचा अर्ज भरून देऊ लागली, तर दरबार आपोआप ओस पडतील. हे काम संथ आहे, त्यात नाव नाही, आणि कधीकधी धोका आहे. पण नेकी आणि तक्वाच्या कामात एकमेकांना साथ द्या, गुनाह आणि अतिक्रमणात देऊ नका, ही आज्ञा आपल्यालाच उद्देशून आहे.

अल्लाह आपल्या घरांना, आपल्या शेजाऱ्यांच्या घरांना आणि या शहराला न्यायावर उभी असलेली शांतता लाभो आणि ती मागण्याचे धैर्य आपणा सर्वांना देवो. आमीन.